कुंपणावरच्या कुंच्या

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची असं हिवरदऱ्यात कुणालाही विचारा, म्हातारी माणसं नुसता हात मागे उडवून दाखवतात. त्यांनी ती आपल्या आज्यांकडून ऐकली, आज्यांनी त्यांच्या आज्यांकडून. ऐकताना कुणी मधे बोलत नाही, एवढी एकच अट.

हिवरदरा डोंगरावर आहे, पठाराच्या अगदी कडेला. तेव्हा घरं असतील चाळीसेक. वारा अडवायला झाड नाही, त्यामुळे थंडीत तिथं चुलीपुढची पाठसुद्धा गार राहते. अशा त्या गावात नाथा शिंपी आणि त्याची बायको गोजरा राहायचे. नाथा बाप्यांच्या बंड्या शिवायचा आणि गोजरा लहान पोरांचं शिवायची. अंगडी, टोपडी, झबली, दुपटी, डोक्यापासून पाठीपर्यंत पोराला झाकणाऱ्या कुंच्या आणि पाळण्यावर टांगायच्या चिंध्यांच्या चिमण्या. एका पावसाळ्यात नाथा ओढ्याला वाहून गेला. मूलबाळ झालेलं नव्हतं. गोजरा एकटी राहिली आणि शिवत राहिली. मोठ्यांचे कपडे तिनं कधी शिवायला घेतले नाहीत. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं.

तिच्या हाताला फार गुण होता, असं म्हणतात. कोऱ्या कापडानं बाळाची कातडी सोलवटते, म्हणून ती घराघरातून जुनी, धुऊन धुऊन मऊ पडलेली लुगडी आणि धोतरं मागून आणायची. तिचा टाका बोटाला लागायचा नाही. किरकिरणारं पोर तिच्या अंगड्यात घातलं की गप व्हायचं. बाळंतिणीच्या कळा सुरू झाल्या की गोजराच्या घरात सुई आपोआप हलायला लागायची, असंही म्हणतात. एवढं खरं की बाळाची नाळ कापून होईतो आक्का अंगडं घेऊन दारात उभी असायची. अंगडं घालायची, बाळाच्या पोटाला एकदा नाक लावायची आणि घरी जायची.

तिच्या शेजारी येसू राहायची. येसूचा नवरा सावळा रानातून लाकडं आणायचा. येसूला तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली. पहिलं सहाव्या दिवशी, दुसरं तिसऱ्या महिन्यात आणि तिसरं दात येता येता. चौथ्या वेळेला तिला दिवस गेले तेव्हा ती गोजराच्या उंबऱ्यात येऊन बसली.

मग म्हणाली, "आक्का, ह्ये बी गेलं तर मी हिरीत उडी टाकीन."

"असं बोलू नगं," गोजरा म्हणाली. "ह्याला आपण मागून आणलेलं घालू. सात घरचं."

तशी तेव्हा रीतच होती. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, तिच्या बाळाला सात घरांतून मागून आणलेल्या कापडाचं अंगडं घालायचं. म्हणजे ते पोर एका घरचं राहत नाही. मृत्यू दारात आला तरी त्याला कळत नाही, हे पोर नेमकं कुणाचं.

येसूला मुलगा झाला. त्याला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून नाव ठेवलं केरू. आणि गोजरा सात घरं मागायला निघाली.

सहा घरांनी आनंदानं दिलं. सातवं घर होतं ठकूचं. ठकूच्या घरी त्या वेळी लगीनघाई होती, चार दिवसांवर दिराचं लग्न आलं होतं. गोजरा दारात उभी राहिली तशी ठकू जरा घुटमळली. मग आत गेली आणि एक लाल फडकं घेऊन आली. चांगलं मोठं होतं, सायीसारखं मऊ. गोजरानं ते गालाला लावून पाहिलं.

"एवढं सगळं कशाला?" ती म्हणाली.

"न्या वो आक्का," ठकू म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या पोराला बी हुईल."

गोजरानं केरूच्या अंगड्यात ते लाल कापड छातीवर आतून लावलं, ऊब राहावी म्हणून. फडकं बरंच उरलं. त्या महिन्यात गावात आणखी पोरं जन्मली होती, त्यांच्या टोपड्यांना आतून तिनं तेच अस्तर लावलं. चांगलं कापड मिळालं की ते एकाच पोराला देणं तिच्या जिवावर यायचं. कुंच्यांना, दुपट्यांच्या कडांना, जिथं मऊपणा हवा तिथं तिनं ते वाटलं. दोऱ्याएवढं लाल कापडसुद्धा वाया जाऊ दिलं नाही.

तेराव्या दिवशी केरूचं अंग तापलं. सोळाव्या दिवशी त्याच्या तोंडावर फोड दिसले. देवी आल्या होत्या.

येसूनं दाराला लिंबाचा डहाळा बांधला. चुलीवर फोडणी बंद केली. केस मोकळे सोडून ती बाळाजवळ बसून राहिली. एकविसाव्या दिवशी दुपारी केरू गेला. सावळा खांद्यावर कुदळ घेऊन निघाला आणि येसूनं गोजराकडे निरोप धाडला की पोराला उघडं कसं पाठवू? गोजरानं पांढऱ्या कापडाचं एक अंगडं शिवून दिलं. टाके तेवढेच बारीक घातले. सात घरचं अंगडं येसूनं काढून घेतलं आणि पोटाशी धरून ठेवलं.

मग एकामागून एक दारांवर लिंबाचे डहाळे चढायला लागले. पंधरवड्यात नऊ पोरं गेली. महिन्यात सोळा. ओढ्यापलीकडे लहान लहान दगड रचलेले दिसायला लागले. कुणी गावाबाहेर जाईना, कुणी गावात येईना. आणि प्रत्येक घरातून गोजराकडे तोच निरोप यायचा. तिनं ज्यांना जन्माचं अंगडं घातलं होतं, त्यांचंच शेवटचं अंगडं ती आता शिवत होती. मापं तिला पाठच होती. त्या दिवसांत तिच्या सुईत दोरा ओवावा लागत नव्हता, असं म्हणतात. तिच्या डोळ्यांतलं पाणीच दोरा होऊन सुईत जात होतं.

सतरावी होती सुतारांची चिमी, दोन महिन्यांची. तिची आई बेशुद्ध पडली होती, म्हणून पोरीला शेवटचं सजवायला गोजरालाच बोलावलं. तिनं चिमीच्या डोक्यावरचं टोपडं काढलं. ते आतून लाल होतं.

गोजरा टोपडं हातात धरून तशीच बसली. तिला आदला मुलगा आठवला. त्याच्या कुंचीची कड लाल होती. त्याच्या आधीची जुळी आठवली. त्यांची दुपटी आठवली. ती एकेक पोर आठवत गेली आणि प्रत्येक पोराच्या अंगावर कुठं ना कुठं तिला ते लाल कापड दिसत गेलं. सगळ्यांत आधी केरू. छातीवर, आतून.

चिमीला मातीत ठेवून झाल्यावर गोजरा सरळ ठकूच्या घरी गेली. ठकूचा मुलगा अंगणात खेळत होता. त्याच्या तोंडावर वाळलेले वण होते.

"ठके, ह्याला देवी कवा आल्या हुत्या?"

ठकूच्या हातातलं सूप खाली पडलं. तिनं आधी आत पाहिलं, मग गोजराचे पाय धरले. "माहेरनं येताना आल्या, आक्का. सासू म्हणाली, दाराला लिंब बांधला तर वऱ्हाड येणार न्हाई. लपवून ठेवला. बरा झाला हुता वो तो, खपल्या पडल्या हुत्या. त्याच्या अंगाखालचं फडकं हुतं ते. मला काय ठावं?"

गोजरा ओरडली नाही. तिनं ठकूच्या मुलाकडे पाहिलं. तोही तिनंच शिवलेल्या झबल्यात वाढला होता.

"कुनाला सांगू नगंस," ती म्हणाली. "तुला जित्ती ठेवायची न्हाईत. आन ह्याला बी."

आता बघा, फडक्याची ही गोष्ट दोघींनाच ठाऊक होती. गोजरा गप बसली असती तर कुणालाही कळलं नसतं. सगळं गाव देवीचा कोप म्हणत होतं आणि तसंच म्हणत राहिलं असतं. पण गावात अजून तेवीस पोरं जिवंत होती आणि त्यांच्या घरात तिनं शिवलेले कपडे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरा चावडीसमोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिनं खाली घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"पोरं माझ्या हातनं गेली. मी आनलेल्या कापडातनं रोग आला. कुठनं आनलं ते इचारू नगा. मी आनलं, मी शिवलं, मीच घातलं. माझं शिवलेलं सगळं माझ्या अंगनात आनून टाका. आज टाका."

मग मागून एक दगड आला आणि तिच्या कपाळाला लागला. कुणी मारला ते आजवर कुणी सांगितलेलं नाही.

दुपारपर्यंत तिच्या अंगणात ढीग पडला. वीस वर्षांत शिवलेली अंगडी, टोपडी, कुंच्या, चिमण्या. माणसं दुरूनच फेकून जात होती आणि जाताना थुंकत होती. तिनं ढिगाला स्वतःच्या हातानं आग लावली. आग तीन दिवस जळत होती, असं म्हणतात. आणि त्या धुराला दुधाचा वास येत होता, असंही म्हणतात. गावातल्या बायका दारं लावून आत बसल्या, पण वास दारातून आत आला. ज्यांची पोरं गेली होती त्यांच्या छातीला पान्हा फुटला.

सगळं आलं होतं. एक अंगडं आलं नव्हतं.

गोजरा येसूच्या दारात गेली. दार बंद होतं.

"येसू, त्ये अंगडं दे."

"न्हाई देनार."

"बाई, त्याच्यात मरान हाय."

"असू दे. त्याच्यात त्याचा वास बी हाय."

गोजरा उंबऱ्याबाहेर बसली. दिवस गेला, रात्र गेली. दुसरा दिवस गेला. तिनं पाणी घेतलं नाही, कुणी दिलंही नाही. सावळा तिला ओलांडून ये-जा करत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या आळीत आणखी एक पोर तापल्याची हाक ऐकू आली. तेव्हा दार उघडलं. येसूच्या हातात ते अंगडं होतं. तिनं ते शेवटचं तोंडाला लावलं आणि गोजराच्या पुढ्यात धरलं.

"घ्या," ती म्हणाली. "पन मला सांगा आक्का, मग मला काय ऱ्हाईल?"

गोजरानं तोंड उघडलं. जन्मभर तिनं बाळंतिणींना, पोर गेलेल्या आयांना, सासवांनी छळलेल्या सुनांना काही ना काही सांगितलं होतं. या वेळी तिला काही सुचलं नाही. तिनं अंगडं घेतलं आणि ती निघाली. त्या दिवसापासून ती कुणाशी बोलली नाही.

ते अंगडं जळालं आणि देवी गावाच्या शिवेबाहेर गेल्या, असं म्हणतात. तापलेलं ते पोर उठून बसलं. पण कुणी नारळ फोडला नाही. सोळा घरांत पाळण्याची दोरी नुसती लोंबत होती.

मग थंडी आली. तशी थंडी हिवरदऱ्यानं आधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. सकाळी पिकांवरचं दहिवर गोठून पांढरं व्हायचं आणि पानं काळी पडायची. रांजणातलं पाणी वरून कडक व्हायचं. तेवीस पोरं वाचली होती, पण त्यांच्या अंगावर घालायला गावात काही नव्हतं. जे होतं ते जळून गेलं होतं आणि परगावचा माणूस अजून गावात पाऊल टाकत नव्हता. आया पोरांना पोटाशी घेऊन, स्वतःच्या पदरात गुंडाळून चुलीपाशी बसायच्या. तरी पोरांचे ओठ निळे पडायचे.

गोजराकडे दोन लुगडी होती. एक अंगावरचं आणि एक लग्नातलं, गाठोड्यात बांधून ठेवलेलं, जे दुसऱ्या कुणाच्या अंगाला कधी लागलं नव्हतं. तिनं ते लग्नातलं लुगडं बाहेर काढलं. तीन वेळा उकळलं, तीन दिवस उन्हात ठेवलं आणि मग कात्री लावली. तेवीस पोरांना तेवीस कुंच्या, दुहेरी कापडाच्या. पोरांना जवळ घेऊन माप घेणं आता शक्य नव्हतं. ती लांबून, बांधावर उभी राहून पोरांना नजरेनं मोजायची.

पहिली कुंची तिनं एका उंबऱ्यावर ठेवली. घरातल्या बाईनं ती काठीनं उचलली आणि नेऊन गोजराच्या झोपडीभोवती असलेल्या बाभळीच्या काट्यांच्या कुंपणावर टाकली. दुसरी तशीच आली. तिसरीही. त्या बायांना तरी काय बोल लावायचा? त्यांची पोरं वाचली होती, एवढंच त्यांना दिसत होतं. गोजरानं मग दारोदार जाणं सोडलं. कुंची शिवून झाली की ती स्वतःच कुंपणावर नेऊन टांगायची आणि आत जाऊन पुढची घ्यायची.

सोळा कुंच्यांत ते लुगडं संपलं. सात पोरं राहिली होती. गोजरानं अंगावरचं लुगडं उकळलं, ओलं तसंच परत नेसली आणि पदराच्या टोकापासून कापायला लागली. आज एक हात, उद्या एक हात. पदर गेला, मग खांद्यावरचं गेलं. ती दारातसुद्धा यायची थांबली. कुंपणावर नवी कुंची कधी यायची, कुणी पाहिलं नाही. तिच्या अंगावरचं कापड जसं कमी होत होतं तशी गावातली थंडी वाढत होती, असं म्हणतात.

ज्या सकाळी सगळ्यांत जास्त हिव पडलं, त्या सकाळी येसू झोपडीवरून पाण्याला चालली होती. सगळं पठार पांढरं झालं होतं. गवत पांढरं, दगड पांढरे, कुंपणाचा काटा न् काटा पांढरा. आणि त्या पांढऱ्या काट्यांवर तेवीस कुंच्या कोरड्या होत्या. त्यांच्यावर दहिवराचा कण नव्हता. येसूनं हात लावला. कापड ऊबदार होतं, नुकतंच पोराच्या अंगावरून काढावं तसं.

येसूनं घागर खाली ठेवली. कुंच्या एकेक करून काट्यांतून सोडवल्या. हात रक्ताळले. मग त्या सगळ्या उराशी घेऊन ती दारोदार फिरली. पहिल्याच दारात बाईनं पोराला मागे ओढलं.

"तिच्या हातचं नगं!"

"माझं गेलंय तिच्या हातचं घालून," येसू म्हणाली. "मी सांगतीया ना? घाल!"

येसूनं स्वतःच्या हातानं तेवीस पोरांना कुंच्या घातल्या. ठकूच्या मुलालाही घातली. ठकू भिंतीकडे तोंड करून रडत होती आणि ती का रडतेय ते येसूला तेव्हा कळलं नाही. प्रत्येक कुंची प्रत्येक पोराला अगदी बरोबर बसली. दिवस वर येईपर्यंत पोरांच्या ओठांना रंग आला.

मग येसू धावत गोजराच्या झोपडीकडे गेली. केरू गेल्यापासून ती पहिल्यांदाच धावली होती. "आक्का!" ती बाहेरूनच ओरडली. "आक्का, पोरांनी घातलं वो! सगळ्यांनी घातलं!"

आतून ओ आली नाही.

गोजरा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. हातात सुई होती, सुईत दोरा नव्हता. तिच्या अंगावर लुगड्याचा वीतभर काठ राहिला होता. येसूनं तिच्या गालाला हात लावला आणि हात मागे घेतला. ती केव्हाच गेली होती. कदाचित पहाटे, कदाचित आदल्या दिवशीच. आपल्या कुंच्या काट्यांवरच लटकताहेत, हेच तिला शेवटपर्यंत ठाऊक होतं.

गावात तिला झाकायला एक फडकं निघेना. येसूनं आपलं लुगडं मधोमध फाडलं. अर्धं तिच्यावर घातलं, अर्धं स्वतःला गुंडाळलं आणि तिच्याजवळ बसून राहिली. माणसं जमली. कुणी मान वर केली नाही.

लाल फडक्याची गोष्ट ठकूनं पुढं कितीतरी वर्षांनी, स्वतःच्या मरणाच्या वेळी येसूला सांगितली. येसूनं ती ऐकून घेतली. तिचा हात हातात धरला की सोडून दिला, याबद्दल हिवरदऱ्यात अजून दोन मतं आहेत.

ती झोपडी आता नाही. चार दगड आहेत आणि बाभळीचं कुंपण आहे. गाव ते दर सालाला नव्यानं घालतं. हिवरदऱ्यात अजूनही बाळाचं पहिलं अंगडं त्याच्या आईच्याच लुगड्याचं, उकळून, उन्हात ठेवून शिवतात. दुसऱ्या घरचं कापड कुणी मागत नाही, कुणी देत नाही आणि लाल तर कुणी वापरतच नाही. पौष लागला की प्रत्येक घरातली बाई एक कुंची शिवते आणि नेऊन त्या काट्यांवर टांगते. ज्यांची पोरं मोठी झाली त्या टांगतात, ज्यांची गेली त्याही टांगतात. त्या कुंच्यांनी मेलेलं पोर परत येत नाही, येणारं मरण टळत नाही. तसं कुणी मानतही नाही. आठ दिवसांनी डोंगरावरच्या वाड्यावस्त्यांतून ज्यांच्या पोरांना अंगावर घालायला नाही त्या आया येतात आणि कुंच्या घेऊन जातात.

कुंपण रिकामं झालं की गावातल्या सगळ्या बायका त्या चार दगडांकडे तोंड करून उभ्या राहतात आणि एका आवाजात ओरडतात, "आक्का, पोरांनी घातलं!"

मग थोडा वेळ थांबतात. कुणी ओ देत नाही. बायका पदर डोक्यावर घेतात आणि घरी जातात.